औषधाची मुदत ठरवणारे कपाट : तापमान-आर्द्रता कक्षाची उभारणी आणि वापर

गोळ्यांच्या पट्टीवर छापलेली मुदतीची तारीख अंदाजाने लिहिलेली नसते. बाहेरून मोठ्या फ्रिजसारख्या दिसणाऱ्या एका कपाटात त्याच औषधाच्या पट्ट्या दोन-तीन वर्षे ठरावीक उष्णतेत आणि ठरावीक दमट हवेत ठेवल्या जातात. नेमलेल्या महिन्यांनी त्यांतल्या काही बाहेर काढून तपासतात आणि त्या तपासणीच्या आकड्यांवरून तारीख निघते. औषध उद्योगात या कपाटाला ‘स्टॅबिलिटी चेंबर’ म्हणतात. इलेक्ट्रॉनिक सामग्री, रंग, वेष्टने किंवा वाहनांचे सुटे भाग तपासणाऱ्या प्रयोगशाळांत त्याचीच भावंडे ‘एन्व्हायर्न्मेंटल चेंबर’ या नावाने नांदतात. वेर्णा, कुंडई, पिळर्ण येथील औद्योगिक वसाहतींमुळे औषधनिर्मिती हा गोव्यातील एक प्रमुख उद्योग ठरला आहे. त्यामुळे हे यंत्र येथील अनेक रसायनशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र पदवीधरांच्या रोजच्या कामाचा भाग असते. ते नीट बसवणे आणि नीट चालवणे यावर किती काही अवलंबून असते, याची कल्पना मात्र कारखान्याबाहेर फारशी नसते.

आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ मध्ये मान्य केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दीर्घकालीन चाचणी २५ अंश सेल्सिअस व ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेत, किंवा ३० अंश व ६५ टक्के आर्द्रतेत होते. त्वरित चाचणी ४० अंश व ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने चालते. उष्ण आणि अतिदमट प्रदेशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ३० अंश व ७५ टक्के ही अट आहे. नमुने पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासले जातात. तापमानात दोन अंशांची आणि आर्द्रतेत पाच टक्क्यांची चढउतार चालते, त्याहून अधिक नाही.

कागदावर ही सूट उदार वाटते, प्रत्यक्षात ती तशी नाही. सापेक्ष आर्द्रता ही हवेतील बाष्पाइतकीच तापमानाचीही लेक आहे. हवेतील बाष्प तेवढेच ठेवून ४० अंशांची हवा एका अंशाने थंड केली, तर ७५ टक्के आर्द्रता जवळजवळ ७९ टक्क्यांवर जाते. म्हणजे कक्षाच्या एका कोपऱ्यात तापमान एक अंशाने कमी असेल, तर आर्द्रतेच्या पाच टक्क्यांपैकी चार टक्के तिथेच संपले. तापमानाची दोन अंशांची सूट पूर्ण वापरणारा कक्ष आर्द्रतेच्या कसोटीवर नापास होणारच. कक्ष खरेदी करताना माहितीपत्रकातील तापमानाची कमाल आणि किमान मर्यादा सगळेच वाचतात. आतल्या सर्व कोपऱ्यांत तापमान किती एकसारखे राहते हा आकडा त्याहून महत्त्वाचा आहे आणि तोच बहुधा वाचायचा राहून जातो.

जागा आणि खोली

कक्ष येण्यापूर्वी खोली तयार हवी. जमीन समपातळीत आणि वजन पेलणारी असावी. यंत्र तिरपे झाले तर दार नीट बसत नाही आणि संघननाचे पाणी निचऱ्याच्या नळीकडे न जाता तळाशी साचते. भिंतीपासून किती अंतर सोडावे हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि जागेच्या टंचाईत पहिली काटछाट त्याच अंतरावर होते. ती महागात पडते. कंडेन्सरमधून बाहेर पडणारी गरम हवा मागच्या भिंतीवर आपटून पुन्हा आत शिरली की शीतकाचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि मे महिन्यात एखाद्या दुपारी बंद पडतो. कक्ष जेवढी वीज खातो, तेवढी सर्व अखेर उष्णतेच्या रूपाने त्याच खोलीत येते. एका खोलीत चार-पाच कक्ष ओळीने उभे करायचे असतील तर वातानुकूलनाचा हिशेब त्यांची उष्णता धरूनच करावा लागतो.

किनारपट्टीवर आणखी एक पेच असतो. ३० अंश व ७५ टक्के अशा हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश आहे. खोली वातानुकूलनाने २० अंशांवर नेली तर दाराच्या काचेची आतली बाजू दवबिंदूखाली जाते आणि तिच्यावर पाण्याचे थेंब धरू लागतात. हे पाणी कक्षातील बाष्पच असते. त्यामुळे आर्द्रता घसरते, कंट्रोलर आणखी वाफ सोडतो, आणखी थेंब धरतात. चांगल्या कक्षांच्या दारात काच तापवणारी तार असते ती यासाठीच. उलट जुलैच्या पावसात वातानुकूलन बंद पडले, तर बाहेरचीच हवा २७ अंशांच्या दवबिंदूपर्यंत जाऊ शकते. मग ५ अंशांवरच्या शीतकक्षाचे दार उघडताच ती ओली हवा आत शिरते आणि बाष्पकाच्या नळ्यांवर बर्फाचा थर चढतो. म्हणून खोली फार थंडही नको आणि दमटही नको. साधारण २३ ते २५ अंश आणि आर्द्रता आटोक्यात, एवढे साधले की निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

वाहतुकीत यंत्र आडवे किंवा फार तिरपे झाले असेल, तर कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत उतरते. अशा वेळी ते उभे करून निदान एक दिवस तसेच ठेवून मगच वीज जोडावी. तीन फेजच्या यंत्रात फेजचा क्रम तपासणे ही पाच मिनिटांची बाब आहे. स्क्रोल जातीचा कॉम्प्रेसर उलटा फिरला तर गारवा देत नाही, नुसता आवाज करतो आणि तसाच चालू ठेवल्यास बिघडतो.

आत काय चालते

कक्षाचे तत्त्व थोडे उधळपट्टीचे आहे. कॉम्प्रेसर हवा सतत थंड व कोरडी करत राहतो. हीटर आणि वाफेचे यंत्र त्याच हवेला हवी तेवढी उष्णता व बाष्प परत देतात. पंखा ती फिरवतो. दोन विरुद्ध शक्तींच्या या ओढाताणीतून स्थिरता येते, कारण हीटरची शक्ती क्षणाक्षणाला कमीजास्त करता येते, कॉम्प्रेसर मात्र तसा वारंवार चालू-बंद करता येत नाही. तापमान बहुधा ‘पीटी-१००’ या प्लॅटिनमच्या सेन्सरने मोजतात. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम असतो आणि १०० अंशांना सुमारे १३८.५ ओहम. उणे ४० अंशांपर्यंत एकेरी शीतकरण पुरते. उणे ७० पर्यंत जायचे तर दोन शीतक-चक्रे एकावर एक जोडावी लागतात. औषधांना याची गरज क्वचित पडते, इलेक्ट्रॉनिक्सच्या चाचण्यांना मात्र पडते.

आर्द्रता मोजण्याच्या दोन रीती आहेत. एक विद्युतधारक पातळ पडद्याचा सेन्सर, आणि दुसरी शाळेत शिकवलेली ओल्या-कोरड्या तापमापकाची जोडी. दुसरी जुनी असली तरी भरवशाची आहे; अट एवढीच की वात स्वच्छ हवी. ४० अंश व ७५ टक्के असताना ओला तापमापक सुमारे साडेपस्तीस अंश दाखवतो. वात मळली, कडक झाली किंवा टाकीतले पाणी संपले की तो वर सरकतो. कंट्रोलरला हवा दमट झाल्याचा भास होतो आणि तो वाफ कमी करत राहतो. पडद्यावर ७५ आणि आत त्याहून कितीतरी कमी, अशी ही फसवणूक असते. ठरलेल्या दिवशी वात बदलणे हे प्रयोगशाळेतील सर्वांत स्वस्त काम आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही.

पाणी कोणते घालायचे हे वाफेच्या यंत्राच्या जातीवर ठरते. हीटरने पाणी उकळणाऱ्या यंत्राला क्षारविरहित पाणी हवे. नळाच्या पाण्याचे क्षार हीटरवर पापुद्र्यासारखे चढतात. पाण्यातूनच वीज नेऊन वाफ करणाऱ्या यंत्राला मात्र थोडे क्षार लागतातच, अगदी शुद्ध पाण्यात ते चालत नाही. पुस्तिका न वाचता ‘शुद्ध ते चांगले’ म्हणणाऱ्याची इथे गडबड होते.

तपासणीचे टप्पे

नमुने आत जाण्यापूर्वी कक्षाची तीन टप्प्यांत परीक्षा होते. मागवले तेच आले आणि सांगितले तसे बसले का, चालवल्यावर सर्व भाग व धोक्याच्या घंटा नेमके काम करतात का, आणि प्रत्यक्ष वापराच्या स्थितीत दीर्घकाळ ठरलेली मर्यादा पाळली जाते का. तिसऱ्या टप्प्यात आठ कोपरे आणि मधोमध असे निदान नऊ स्वतंत्र सेन्सर ठेवून नोंदी घेतात. माणूस आत जाऊ शकेल अशा मोठ्या कक्षांत ही संख्या बरीच वाढते. आधी कक्ष रिकामा आणि मग भरलेला, अशा दोन्ही स्थितींत हे करावे लागते, कारण रिकाम्या कक्षात एकसारखी वाहणारी हवा खोक्यांनी भरलेल्या कक्षात वाट शोधत फिरते. या नकाशातून सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड जागा सापडतात व कायमचा सेन्सर कुठे असावा हे ठरते.

याच वेळी दोन व्यावहारिक प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. दार एक मिनिट उघडे राहिले तर कक्ष मर्यादेत परतायला किती वेळ घेतो? आणि वीज गेली तर किती वेळ मर्यादेत टिकतो? दुसऱ्या आकड्यावर जनित्राची आणि रात्रपाळीची आखणी अवलंबून असते. जिथे पावसाळ्यात वीज पुन:पुन्हा जाते, तिथे कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी तीन ते पाच मिनिटांचा विलंब लावलेला आहे ना, हेही पाहावे. शीतकाचा दाब दोन्ही बाजूंना समान होण्याआधी सुरू झालेला कॉम्प्रेसर अडकतो आणि त्याची गुंडाळी जळू शकते.

सर्वांत गंभीर बिघाड हीटरचा असतो. हीटर चालू-बंद करणारा घन-अवस्थेतील रिले बिघडतो तेव्हा बहुधा ‘चालू’ स्थितीतच अडकतो. कंट्रोलर थांब म्हणतो, पण हीटर ऐकत नाही. म्हणून कंट्रोलरपासून पूर्णपणे स्वतंत्र, स्वत:चा सेन्सर असलेली अतितापमान-मर्यादा हवी आणि ती नेमलेल्या तापमानाच्या थोडीच वर लावलेली हवी. ४० अंशांची चाचणी चालू असताना मर्यादा कारखान्यातून आली तशी ९० वर राहिलेली असेल, तर ती यंत्राला आगीपासून वाचवील, नमुन्यांना नाही. ज्वालाग्राही द्रावके सामान्य कक्षात ठेवू नयेत, कारण आत उघडे हीटर असतात आणि बाहेर पडणाऱ्या वाफांना वाट नसते.

रोजचा वापर

खोकी भिंतीला आणि हवेच्या जाळीला चिकटवू नयेत. फळ्या जाळीच्या असाव्यात आणि त्यांवर पुठ्ठा अंथरू नये. पुठ्ठ्याने एक फळी झाकली की आधी काढलेला नकाशा बाद ठरतो. नमुने काढण्याचे काम एकत्र, यादी हातात धरून करावे. दार उघडून शोधाशोध करणे म्हणजे प्रत्येक वेळी कक्षाला नव्याने धाव घ्यायला लावणे. शीतकक्षातून काढलेला नमुना लगेच उघडू नये. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद ठेवावा, नाहीतर हवेतील ओल त्याच्यावर बसते आणि तपासणीत दिसणारा दोष औषधाचा नसून हाताळणीचा असतो.

आर्द्रतेच्या सेन्सरची घरगुती वाटावी अशी एक पडताळणी आहे. मिठाच्या संपृक्त द्रावणावर, म्हणजे तळाशी न विरघळलेले मीठ उरलेल्या पाण्यावर, बंद डब्यातील हवेची आर्द्रता २५ ते ४० अंशांच्या टप्प्यात जवळपास ७५ टक्केच राहते. औषधांच्या चाचणीला लागणारा आकडाही नेमका तोच. पावसाळ्यात गोव्याच्या स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटते ते याच कारणाने, कारण हवेने तो उंबरठा ओलांडलेला असतो. पडताळणीसाठी मात्र प्रयोगशाळेतले शुद्ध मीठच घ्यावे. मिठागरातल्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओल ओढतात. ही पडताळणी अधिकृत अंशांकनाची जागा घेत नाही. ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून ठरलेल्या मुदतीत व्हावेच लागते. पण दोन अंशांकनांच्या मधल्या काळात सेन्सर भरकटला तर ते मिठाच्या डब्यात आधी कळते.

बिघाडाची नोंद हा वेगळा विषय नव्हे, वापराचाच भाग आहे. दार उघडल्याने आलेला क्षणिक चढउतार सर्वमान्य असतो. रात्री तीन तास तापमान ४६ वर गेले असेल, तर ते केव्हा सुरू झाले, कुठवर गेले, त्या वेळी आत कोणते नमुने होते आणि ते कोणत्या महिन्यात होते, हे लिहावे लागते. देशात सुधारित ‘शेड्यूल एम’ची अधिसूचना २०२३च्या अखेरीस निघाल्यापासून अशा नोंदींकडे लहान कारखान्यांनाही दुर्लक्ष करता येत नाही. अठराव्या महिन्यात वाया गेलेला नमुना नव्याने बनवला, तरी तो अठरा महिन्यांचा व्हायला अठरा महिनेच लागतात. म्हणून त्याच स्थितीवर चालणारा आणि आधीच तपासून ठेवलेला दुसरा कक्ष हाताशी असावा, आणि नमुने तिकडे केव्हा, कोणी व कोणाच्या परवानगीने हलवायचे हे बिघाड होण्यापूर्वीच कागदावर असावे. तो कागद कक्षाच्या दारावर चिकटवलेला असला तर रात्रपाळीच्या माणसाला कोणाला उठवावे लागत नाही.