होटगी जंक्शन आणि तळटिपांचे वाचन

वार्षिक अहवाल हा वाङ्मयप्रकार मानावा काय, असे विचारले तर मराठीच्या प्राध्यापकांच्या खोलीत बहुधा हशाच पिकेल. परंतु महजर, वतनपत्रे, निवाडे, कैफियती ही सारी व्यवहारातलीच लिखिते आपण वर्गात आस्थेने अभ्यासतो. कंपन्यांच्या अहवालाच्या वाट्याला मात्र ती आस्था येत नाही. हा आळस आता परवडणारा नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या आमच्या पिढीला जुन्या निवृत्तिवेतनाच्या जागी अंशदायी योजना मिळाली, आणि अशा योजनांतला काही पैसा शेअरबाजाराच्या वाटेने जातो. म्हातारपणाची शिदोरी ज्यांच्या हाती आहे त्यांचे लेखन वाचता येऊ नये, हे निदान भाषेच्या शिक्षकांना शोभत नाही.

आम्ही या वाचनाचा आरंभ होटगीपासून करू इच्छितो. सोलापूरहून वाडीकडे जाताना लागणारे हे जंक्शन. कन्नड आणि मराठी येथे एकाच फलाटावर बोलली जाते. जंक्शन म्हणून त्याचा जन्मच मुळी दोन कंपन्यांच्या भेटीतून झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापुरास पोचली आणि पुढे १८७१ मध्ये रायचुरास मद्रास रेल्वेला मिळाली. तिचा मार्ग रुंद. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सदर्न मराठा रेल्वे या दुसऱ्या कंपनीचा होटगी-गदग हा मीटरगेज मार्ग झाला. रुळांची रुंदी भिन्न, म्हणून एका गाडीतला माल उतरवून दुसरीत भरणे आले. ही उतरचढ पुढे शतकाहून अधिक काळ चालली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग रुंद होईपर्यंत.

या दोन्ही कंपन्यांच्या भागधारकांच्या सभा लंडनमध्ये भरत. तेथे अहवाल मांडले जात आणि लाभांश जाहीर होत. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच्या भांडवलावर १८४९ च्या करारानुसार पाच टक्के व्याजाची हमी होती. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची आणि जमीनही सरकारने फुकट द्यायची. सदर्न मराठा कंपनीलाही भारतमंत्र्यांची हमी होती, दर तेवढा उतरलेला. लंडनच्या भागधारकाच्या हाती पाच टक्के पडले, एवढ्यावरून रेल्वेने पाच टक्के कमावले असे म्हणता येत नव्हते. नफ्याचा आकडा पाहण्याआधी तो कोणाच्या खिशातून आला हे पाहावे लागते, आणि ते करारात लिहिलेले असते.

हा करार वाचणारी माणसे आपल्याकडे होती. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे पेशाने सरकारी हायस्कुलांचे हेडमास्तर. सोलापूरशीही त्यांचे नाते होते. रानड्यांचे स्नेही असलेल्या या गृहस्थांनी सरकारी हिशेबांची रुक्ष पुस्तके अक्षरशः पिंजून काढली आणि रेल्वेच्या बोजासंबंधी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिहिले. १८९७ मध्ये गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्षीस गेले, त्यामागेही जोशींच्या आकड्यांची मदत होती. शाळामास्तराने ताळेबंद वाचण्याची परंपरा या मातीत जुनी आहे, एवढे सांगण्यापुरताच हा उल्लेख.

परंतु या साऱ्या प्रदेशातले सर्वांत बोलके उदाहरण होटगीपासून दहा-पंधरा किलोमीटरवर, सोलापुरात आहे. मोरारजी गोकुळदास यांनी काढलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी म्हणजे लोकांच्या तोंडची 'जुनी गिरणी'. तिच्यावर शहराचे भोंगे चालले आणि कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. २७ ऑगस्ट १९४९ रोजी ही गिरणी बंद पडली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले.

त्या वेळचे तिचे भागभांडवल असे होते : पूर्ण भरलेले एक हजार रुपयांचे १,५९० साधारण शेअर, पूर्ण भरलेले पाचशे रुपयांचे २०, आणि शंभर रुपयांचे ३२,००० अग्रहक्काचे शेअर, ज्यांवर पन्नासच रुपये भरलेले होते. बेरीज केली तर भरलेले भांडवल ३२ लाख रुपये होते. नवखा वाचक येथे समाधानाने पान उलटतो. अनुभवी वाचक मात्र 'पन्नासच रुपये भरलेले' या शब्दांपाशी थबकतो. उरलेले पन्नास रुपये कोणाकडे आहेत? भागधारकाकडे. म्हणजे आणखी १६ लाख रुपये कंपनी केव्हाही मागू शकते. आपल्या पेटीत ठेवलेला शेअर ही मालमत्ता आहे असे ज्याला वाटत होते, त्याच्या पेटीत वस्तुतः निम्मे कर्जही होते.

आणि मागणी खरोखरच आली. सरकारने नेमलेल्या नियंत्रकाला गिरणी चालवण्यासाठी पैसा हवा होता. न भरलेली रक्कम मागवण्यास संचालकांनी नकार दिला. ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम निघून गिरणीचा कारभार सरकारने ताब्यात घेतला आणि एप्रिलमध्ये त्याचा कायदा झाला. सरकारनियुक्त संचालकांनी अग्रहक्काच्या प्रत्येक शेअरवर पन्नास रुपये भरावेत अशी मागणी काढली. मग दोन खटले उभे राहिले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते पाठ असतात. आपल्या वर्गात त्यांचे नावही निघत नाही.

चिरंजीतलाल चौधुरी या भागधारकाने थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. ४ डिसेंबर १९५० च्या बहुमताच्या निकालात त्यांचा अर्ज फेटाळला गेला. कंपनीची मालमत्ता ही भागधारकाची मालमत्ता नव्हे; शेअर घेतल्याने गिरणीचा एखादा माग आपल्या मालकीचा होत नाही, हे तेथे पुरते उघड झाले. दुसरा खटला द्वारकादास श्रीनिवास या अग्रहक्काच्या भागधारकाचा, त्या पन्नास रुपयांच्या मागणीविरुद्धचा. १८ डिसेंबर १९५३ रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला : भरपाई न देता कंपनीला तिच्या मालमत्तेपासून वंचित करणारा हा कायदा राज्यघटनेशी विसंगत, म्हणून त्याखाली नेमलेल्या संचालकांची मागणीही अवैध. भागधारक जिंकला. गिरणी मात्र सावरली नाही. १९६३ मध्ये ती कायमची बंद झाली. या दोन वाक्यांमधले अंतर आम्हांला फार अस्वस्थ करते. ज्याच्या खिशातले पन्नास रुपये वाचले आणि ज्याचा माग थांबला, ते दोघेही त्याच कंपनीवर अवलंबून होते. अहवालात जागा मात्र पहिल्याला होती.

आजचा अहवाल त्या काळच्या मानाने प्रचंड जाड असतो. आरंभी अध्यक्षांचे निवेदन, रंगीत छायाचित्रे, भविष्याची स्वप्ने. ग्रंथाला लेखकाने स्वतःच लिहिलेली प्रस्तावना जितक्या सावधपणे आपण वाचतो, तितक्याच सावधपणे ते वाचावे. आधी वाचले नाही तरी चालेल. आम्ही लेखापरीक्षकाच्या अहवालापासून सुरुवात करावी असे सुचवतो. हिशेब 'सत्य आणि वाजवी चित्र' देतात असे तो बिनशर्त म्हणतो, की मध्येच एखादे 'वगळता' येते? समीक्षकाला ते 'वगळता' शोधण्याची सवय असतेच. तरीही हा शब्द अंतिम नव्हे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नाही. त्याआधीच्या हिशेबांवर लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या. म्हणून नफ्याशेजारी रोखप्रवाह पत्रक ठेवून पाहावे. नफा वर्षानुवर्षे वाढतो आणि धंद्यातून येणारी रोकड मात्र वाढत नाही, तर उधारी फुगते आहे, की माल पडून आहे, की आणखी काही, हे विचारावे. आणि सर्वांत अधिक वेळ टिपांना द्यावा. न्यायप्रविष्ट करांपोटीची संभाव्य देणी, प्रवर्तकांच्या नात्यातल्या कंपन्यांशी झालेले व्यवहार, हे सारे तेथे बारीक अक्षरांत असते. 'पन्नासच रुपये भरलेले' हे शब्दही भागभांडवलाच्या तपशिलातलेच होते.

पुन्हा होटगीकडे येऊ. येथे आज अल्ट्राटेक सिमेंटचा दळण-कारखाना आहे. सिमेंटच्या अशा युनिटात क्लिंकर बाहेरून येतो आणि त्यात जिप्सम व राख मिसळून दळण होते. चुनखडीच्या खाणीजवळ भट्टी आणि बाजारपेठेजवळ चक्की, असा हा हिशेब. क्लिंकर व कोळशाची ने-आण रेल्वेनेच सोयीची, त्यामुळे जंक्शनचे महत्त्व आजही ओसरलेले नाही. परंतु एवढ्या मोठ्या कंपनीच्या अहवालात होटगीचा नफातोटा शोधू गेल्यास तो सापडत नाही. कारखान्यांच्या यादीत नाव येते, बाकी सारे एकूण बेरजेत विरघळते. कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नाही. कंपनीने तो वेगळा दाखवावा असे बंधन नाही. तरी येथल्या मुलाने तो अहवाल उघडला तर आपले गाव त्यात किती दिसते, हे त्याला कळायला हवे. २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना पाणी, ऊर्जा, कायम आणि कंत्राटी कामगार यांची माहिती देणारा स्वतंत्र अहवाल जोडावा लागतो. आमच्या मते नवख्याने तोही चाळावा. जुन्या गिरणीच्या कामगाराला जी जागा नव्हती, तिची थोडीशी खूण तेथे मिळते.

साखर कारखान्यांच्या सर्वसाधारण सभांत आपल्या भागातल्या शेतकऱ्याने हिरव्या-पिवळ्या मुखपृष्ठांचे अहवाल हातात घेतलेले आहेत. विषय वाचला जातो न जातो तोच 'मंजूर, मंजूर'चा गजर होतो आणि अहवाल वारा घ्यायच्या कामी येतो. सूचिबद्ध कंपनीच्या सभेत एक शेअर असलेल्यालाही प्रश्न विचारता येतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपले तर सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते, आणि तिची सूचना अहवालासह निदान एकवीस दिवस आधी भागधारकाला पाठवावी लागते. टिपांची पाने वाचायला एकवीस दिवस पुरतात.