पाईनघाट

घाटाखालचा सखल प्रदेश. फारसी ‘पाईन’ (खालचा) आणि ‘घाट’ मिळून झालेला शब्द. ‘पयनघाट’ असाही उच्चार आढळतो. विरुद्धार्थी शब्द ‘बालाघाट’ (घाटावरचा प्रदेश). वऱ्हाडात उत्तरेची गाविलगड रांग (मेळघाट) व दक्षिणेचे अजिंठा डोंगर यांमधील पूर्णा नदीचे खोरे म्हणजे पाईनघाट. अकोला, अमरावती ही शहरे याच पट्ट्यात वसली आहेत. जमीन खोल, काळी, कापसाला उत्तम. मात्र खोऱ्याच्या बऱ्याच भागात भूजल खारे असल्याने त्यास ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. दक्षिण भारतात अर्काटभोवतालच्या सखल मुलखालाही ‘कर्नाटक पाईनघाट’ म्हणत. आज हा शब्द मुख्यतः ऐतिहासिक व भौगोलिक लेखनात आढळतो.