बार्शी लाईट : मिरज-पंढरपूरची छोटी गाडी कशी होती आणि का गेली?

मिरजेहून पंढरपूरला निघालेली गाडी आज आरग, बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोड करत सांगोल्याकडे जाते. शाळकरी पोरांना हीच रेल्वे माहीत आहे. पण २००८ पर्यंत या मार्गावर अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी धावत होती. कागदोपत्री ती नॅरोगेज, लोकांच्या तोंडी मात्र 'बार्शी लाईट'.

सुरुवात कशी झाली?

मुंबई-सोलापूर मोठी लाईन टाकली गेली तेव्हा बार्शीसारखी मोठी बाजारपेठ बाजूला राहिली. जवळचे स्टेशन म्हणजे कुर्डुवाडी. त्याचे त्या वेळचे नाव 'बार्शी रोड'. स्टेशनच्या नावात 'रोड' असेल तर गाव तिथून लांब आहे असे समजायचे. आपल्याकडचे जत रोड हे त्याचेच उदाहरण. स्टेशनवर उतरल्यावर जत गाठायला पुढे मोठा रस्ता असतो.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी ते बार्शी रोड हा सुमारे ३५ किलोमीटरचा छोटा मार्ग बांधला. तो १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. कॅलथ्रॉप यांचे निधनही १९२७ मध्येच झाले. त्या वेळी सांगली जिल्हा नव्हता. मिरज, सांगली, जत ही संस्थाने होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

इंजिन, डबे आणि रूळ

मोठ्या लाईनीच्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. बार्शी लाईटचे अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. रूळ हलके, त्यामुळे खर्च कमी. पण हलक्या रुळांवर जड गाडी चालवायची कशी?

कॅलथ्रॉप यांनी नियम ठरवला : इंजिन असो की डबा, चाकांच्या एका जोडीवर ५ टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये. म्हणून सुरुवातीची इंजिने इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कंपनीकडून खास बनवून घेतली. त्यांना ओढीची आठ चाके एकमेकांना जोडलेली होती. वजन सगळ्या चाकांवर सारखे वाटले जायचे आणि ओढही चांगली मिळायची. पुढे इंग्लंडमध्येही १९०४ साली याच धर्तीवर एक छोटी रेल्वे सुरू झाली. डागडुजीसाठी कुर्डुवाडीला कारखाना होता. १९५४ मध्ये सरकारने ही कंपनी विकत घेतली आणि लाईन मध्य रेल्वेत आली. वाफेची इंजिने गेल्यावर शेवटच्या काळात डिझेल इंजिने होती.

वेग बेताचाच. चढावर गाडी इतकी हळू व्हायची की पोरे उतरून सोबत चालायची आणि पुन्हा चढायची, असे जुनी मंडळी हसत सांगतात. आषाढी-कार्तिकीला मात्र डब्यात पाय ठेवायला जागा नसे. वारकरी टपावर बसून पंढरपूरला जात. पाऊस कमी असलेल्या कवठे महांकाळ, जत भागातल्या माणसाला बाजाराला, दवाखान्याला, कामाला मिरजेत आणणारी हीच गाडी होती.

मग बंद का पडली?

जी गोष्ट सोयीची होती तीच पुढे अडचणीची झाली. छोट्या लाईनीचा डबा मोठ्या लाईनीवर जात नाही. त्यामुळे मिरज आणि कुर्डुवाडीला प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावे लागे. १९७१ मध्ये पुण्याहून मोठी लाईन आल्यावर मिरजेत तर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही प्रकारचे रूळ होते. हमालांना काम मिळे, पण वेळ आणि मालाची नासाडी व्हायची. ट्रक आणि एसटी वाढल्यावर माल आणि माणसे रस्त्याकडे वळली.

मिरज-पंढरपूर नॅरोगेज २००८ मध्ये बंद झाली. २०१० मध्ये त्या जागी ब्रॉडगेज आली.

बदल गरजेचा होता याचा पुरावा २०१६ च्या दुष्काळात मिळाला. एप्रिल महिन्यात मिरजेत कृष्णेचे पाणी भरून रेल्वे लातूरला गेली. पहिल्या खेपेला १० टँकरमधून सुमारे ५ लाख लिटर पाणी पोचले. मार्ग बार्शी लाईटचाच : मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. एवढे जड टँकर अडीच फुटी रुळांवरून गेलेच नसते, आणि वाटेत पाणी उतरवून पुन्हा भरत बसायला वेळ कुणाला होता?

आता काय करता येईल?

छोट्या गाडीवर काम केलेले गँगमन, पॉइंट्समन, गार्ड, हमाल आता म्हातारे झाले आहेत. कित्येक जण गेलेही. घरात जुने तिकीट, पास, बिल्ला किंवा स्टेशनवर काढलेला फोटो असेल तर भंगारात किंवा रद्दीत टाकू नका. फोटोच्या मागे गाव, साल आणि माणसांची नावे लिहा. आजोबा-आजी सांगत असतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. कुठे थांबायची, तिकीट किती होते, गाडीतून काय आणायचे, एवढे विचारले तरी पुरे. रूळ गेले, पण सांगणारी माणसे अजून काही घरांत आहेत.