दहशतवादी हल्ल्यानंतर व्यवसायांना शासकीय नुकसानभरपाई

दहशतवादी हल्ल्यानंतर व्यवसायांना शासकीय नुकसानभरपाई हा दहशतवादी हल्ल्यामुळे दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, फेरीवाले व पर्यटन व्यावसायिक यांना होणारी आर्थिक हानी शासनाने भरून द्यावी की नाही, याविषयीचा सार्वजनिक धोरणातील प्रश्न आहे. भारतात हल्ल्यात मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास आर्थिक साहाय्याच्या योजना आहेत. व्यवसायाच्या हानीसाठी मात्र तशी कायमस्वरूपी सर्वसाधारण योजना नाही. ती हानी मुख्यतः खासगी विम्यावर आणि प्रसंगानुसार जाहीर होणाऱ्या सानुग्रह मदतीवर सोडलेली आहे. महाराष्ट्रात १९९३ पासून मुंबई, पुणे तसेच मराठवाड्यातील जालना, परभणी या शहरांत झालेल्या स्फोटांच्या व हल्ल्यांच्या संदर्भात या प्रश्नाला महत्त्व आहे.

हानीचे स्वरूप

हल्ल्यामुळे व्यवसायाला होणारी हानी साधारणतः तीन प्रकारची असते.

१. प्रत्यक्ष हानी – इमारत, यंत्रे, फर्निचर व माल यांचा नाश.

२. बंदीमुळे होणारी हानी – पंचनामा, पुरावे गोळा करणे व सुरक्षा यांसाठी पोलीस परिसर बंद ठेवतात. त्या काळात शाबूत असलेल्या दुकानांचाही व्यवहार थांबतो. मात्र भाडे, पगार, कर्जाचे हप्ते व वीजबिल चालूच राहते.

३. भीतीमुळे होणारी हानी – परिसर खुला झाल्यावरही ग्राहक वा पर्यटक येत नाहीत. ही हानी घटनास्थळापासून दूरच्या व्यवसायांपर्यंत पोहोचते आणि मोजण्यास सर्वांत कठीण असते.

पहिल्या प्रकारची हानी डोळ्यांना दिसते व तिचा पंचनामा होऊ शकतो. उरलेल्या दोन प्रकारांत मोडलेली वस्तू दाखवता येत नाही, त्यामुळे भरपाईविषयीचे बहुतेक मतभेद त्यांच्याभोवती आहेत.

भारतातील कायदेशीर स्थिती

केंद्र शासनाची दहशतवादी, जातीय व नक्षलवादी हिंसाचारातील नागरी बळींसाठीची साहाय्य योजना १ एप्रिल २००८ पासून लागू आहे. तिच्यानुसार मृत्यू किंवा ५० टक्के वा त्याहून अधिक कायमचे अपंगत्व आल्यास आरंभी ३ लाख रुपये मिळत. २०१६ मध्ये ही रक्कम ५ लाख रुपये करण्यात आली. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७ क समाविष्ट झाले व त्याखाली महाराष्ट्राने २०१४ मध्ये पीडित नुकसानभरपाई योजना केली. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये ही तरतूद कलम ३९६ मध्ये आहे. या योजनांचा केंद्रबिंदू इजा झालेली व्यक्ती किंवा मृताचे आश्रित हा आहे. दुकानातील माल किंवा बुडालेला धंदा हा नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या व्याख्येत मानवनिर्मित कारणांनी ओढवलेल्या आपत्तीचाही अंतर्भाव आहे. परंतु राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ज्यांसाठी मदत देता येते, त्या आपत्तींच्या ठरावीक यादीत पूर, दुष्काळ, भूकंप, गारपीट, आग इत्यादी आहेत. दहशतवादी हल्ला नाही. २०२१ च्या महापुरानंतर महाराष्ट्र शासनाने बाधित दुकानदारांना ५० हजार व टपरीधारकांना १० हजार रुपयांपर्यंत मदत जाहीर केली होती. स्फोटानंतर अशा मदतीसाठी स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५१ मध्ये बेकायदेशीर जमावाच्या कृत्यामुळे मालमत्तेची हानी झाल्यास भरपाईची रक्कम ठरवून ती त्या क्षेत्रातील रहिवाशांकडून वसूल करण्याची तरतूद आहे. ही तरतूद जमावाच्या हिंसेसाठी आहे. गुप्तपणे ठेवलेल्या बॉम्बला ती सहजासहजी लागू होत नाही.

न्यायालयीन निर्णय

मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल राज्याने भरपाई देण्याचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने रुदुल साह (१९८३) व नीलाबती बेहेरा (१९९३) या खटल्यांत मांडले. दोन्ही प्रकरणे राज्ययंत्रणेच्या ताब्यातील व्यक्तींविषयी होती. व्यापाऱ्यांच्या मालमत्तेबाबत मद्रास उच्च न्यायालयाचा आर. गांधी विरुद्ध भारत संघ हा निर्णय महत्त्वाचा मानला जातो. १९८४ मध्ये कोइम्बतूर येथे शीख समाजाच्या दुकानांची व मालमत्तेची हानी झाली होती. ती रोखण्यात यंत्रणा अपयशी ठरली, या आधारावर न्यायालयाने राज्य शासनास भरपाई देण्याचा आदेश दिला. याउलट २००२ च्या गुजरात दंगलीत हानी झालेल्या धार्मिक वास्तूंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दुरुस्तीचा संपूर्ण खर्च राज्यावर टाकणारा उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला आणि कमाल ५० हजार रुपयांची राज्याची सानुग्रह योजना स्वीकारली. हे दोन्ही निर्णय दंगलींविषयीचे आहेत.

विमा व्यवस्था

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर आंतरराष्ट्रीय पुनर्विमा कंपन्यांनी दहशतवादाची जोखीम स्वीकारणे थांबवले. त्यावर उपाय म्हणून भारतातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी एप्रिल २००२ मध्ये दहशतवाद जोखीम विमा संचय स्थापन केला. त्याचे व्यवस्थापन भारतीय साधारण विमा निगमाकडे आहे. एका ठिकाणासाठीची मर्यादा आरंभी २०० कोटी रुपये होती. ती टप्प्याटप्प्याने २,००० कोटी रुपयांपर्यंत वाढवण्यात आली.

हा संचय विमा कंपन्यांनी जमवलेल्या हप्त्यांवर चालतो. ज्याच्याकडे विमापत्र आहे त्यालाच त्याचा आधार मिळतो. बंद काळातील बुडालेल्या नफ्याचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते आणि सामान्यतः विमा उतरवलेल्या जागेची प्रत्यक्ष हानी झाल्यासच ते लागू होते. केवळ नाकाबंदीमुळे गिऱ्हाईक तुटलेला शेजारचा दुकानदार त्यात सहसा बसत नाही. ज्याचा माल गाडीवर व हिशेब वहीत आहे, असा फेरीवाला बहुधा या व्यवस्थेच्या बाहेरच राहतो.

महाराष्ट्रातील उदाहरणे

*मुंबई, १९९३* – १२ मार्च १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा मृत्यू झाला व सुमारे २७ कोटी रुपयांच्या मालमत्तेची हानी नोंदवली गेली. मुंबई शेअर बाजार, झवेरी बाजार, सेंच्युरी बाजार, प्लाझा चित्रपटगृह व अनेक हॉटेले ही लक्ष्ये होती. म्हणजेच शहराच्या व्यापारावर घाव घालणे हा हल्ल्याचा भाग होता. झवेरी बाजार परिसरात पुढे २५ ऑगस्ट २००३ आणि १३ जुलै २०११ रोजीही स्फोट झाले.

*मुंबई, २००८* – २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर लिओपोल्ड कॅफे काही दिवसांतच उघडले. ट्रायडंट हॉटेल व ताजमहाल हॉटेलचा टॉवर विभाग २१ डिसेंबर २००८ रोजी सुरू झाले. ओबेरॉय हॉटेल एप्रिल २०१० मध्ये, तर ताजची मूळ वास्तू १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली. मोठ्या हॉटेलांच्या हानीचे दावे विमा संचयापुढे आले. ताज समूहाने डिसेंबर २००८ मध्ये स्थापन केलेल्या लोकसेवा कल्याण न्यासामार्फत हल्लाग्रस्तांना मदत देण्यात आली.

*पुणे, २०१०* – १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटात १७ जणांचा मृत्यू झाला. एका जागेवर चालणारे हे उपाहारगृह पुन्हा सुरू होण्यास २०१३ साल उजाडले.

*पहलगाम, २०२५* – २२ एप्रिल २०२५ च्या हल्ल्यात मृत्युमुखी पडलेल्या २६ जणांमध्ये महाराष्ट्रातील सहा जण होते. राज्य शासनाने त्यांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ५० लाख रुपयांची मदत जाहीर केली. हल्ल्यानंतर काश्मीरच्या सहली मोठ्या प्रमाणावर रद्द झाल्या. त्याचा फटका तेथील घोडेवाले, टॅक्सीचालक व हॉटेलमालकांबरोबर महाराष्ट्रातील सहल व्यावसायिकांनाही बसला. भीतीमुळे होणारी हानी किती दूर पोहोचते, याचे हे उदाहरण आहे.

जालना जिल्हा

२७ ऑगस्ट २००४ रोजी, शुक्रवारी, जालना शहरातील कादरिया मशिदीत बॉम्बस्फोट होऊन अनेक जण जखमी झाले. त्याच दिवशी परभणी जिल्ह्यातील पूर्णा येथेही मशिदीत स्फोट झाला. त्याआधी २१ नोव्हेंबर २००३ रोजी परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत स्फोट झाला होता.

जालन्याच्या स्फोटाच्या वेळी केंद्राची २००८ ची योजना वा कलम ३५७ क अस्तित्वात नव्हते. विमा संचयाला दोनच वर्षे झाली होती. अशा घटनेत परिसरातील व्यावसायिकाला हानी झाल्यास त्याच्यापुढे स्वतःचे विमापत्र किंवा शासनाची ऐच्छिक मदत एवढेच मार्ग होते. नंतरच्या योजनांनी व्यक्तींना आधार मिळाला, तरी व्यवसायांची स्थिती मूलतः बदललेली नाही.

जालना शहर बियाणे उद्योग, पोलाद कारखाने, मोंढा व मोसंबीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. कारखान्यांच्या मालमत्तेचा विमा बँक कर्जाच्या अटींमुळे बहुधा उतरवलेला असतो. बाजारातील हमाल, हातगाडीवाले, चहाच्या टपऱ्या व छोटे दुकानदार यांची कमाई मात्र रोजच्या वर्दळीवर अवलंबून असते. बाजार चार दिवस बंद राहिला तर त्यांचे भांडवलच खर्ची पडते. त्यामुळे मोठ्या शहरांतील हॉटेलांसाठी पुरेशी ठरणारी विमा व्यवस्था जिल्ह्याच्या गावी अपुरी पडते.

इतर देशांतील व्यवस्था

* इस्रायल – १९६१ च्या मालमत्ता कर व भरपाई निधी कायद्यानुसार युद्ध वा शत्रुत्वाच्या कृत्यांमुळे मालमत्तेची झालेली हानी शासकीय निधीतून भरून दिली जाते. सीमेलगतच्या निर्दिष्ट वस्त्यांत उत्पन्नाच्या अप्रत्यक्ष हानीचीही तरतूद आहे.
* ब्रिटन – १९९२ च्या लंडनमधील बाल्टिक एक्स्चेंज स्फोटानंतर १९९३ मध्ये शासनाची हमी असलेला पुनर्विमा संचय स्थापन झाला. जून २०१७ मध्ये लंडन ब्रिज व बरो मार्केट येथील हल्ल्यानंतर हा बाजार ११ दिवस बंद राहिला. अनेक व्यापाऱ्यांच्या मालमत्तेची मोडतोड झाली नसल्याने त्यांना विम्याचा लाभ मिळू शकला नाही. त्यानंतर २०१९ च्या कायद्याने प्रत्यक्ष मोडतोडीशिवाय होणाऱ्या व्यवसायहानीचाही अंतर्भाव संचयाला शक्य झाला.
* अमेरिका – २००१ च्या हल्ल्यांनंतर विमान कंपन्यांना ५ अब्ज डॉलरची थेट मदत व १० अब्ज डॉलरपर्यंत कर्जहमी मंजूर झाली; लहान व्यवसायांना मुख्यतः कमी व्याजाची कर्जे देण्यात आली. २००२ च्या कायद्याने मोठ्या विमा दाव्यांत शासन वाटा उचलते.

समर्थनाचे मुद्दे

भरपाईच्या समर्थनार्थ मांडला जाणारा मुख्य युक्तिवाद असा की, दहशतवादी हल्ल्याचे खरे लक्ष्य राज्यसंस्था असते. दुकानदार तिच्या वतीने घाव सोसतो. म्हणून तो भार सर्व करदात्यांत वाटला जाणे न्याय्य ठरते. परिसर बंद ठेवण्याचा आदेश सार्वजनिक हितासाठी दिला जातो, तेव्हा त्याची किंमत मोजक्या व्यावसायिकांनी सोसू नये, असेही म्हटले जाते. लहान व्यवसाय बुडाल्यास रोजगार जातो, कर्ज थकते आणि बाजार उजाड करण्याचा हल्लेखोरांचा हेतू साध्य होतो.

विरोधाचे मुद्दे

विरोधकांच्या मते प्रत्येक गुन्ह्याची आर्थिक जबाबदारी राज्यावर येऊ शकत नाही. शासन भरपाई देणार असे ठरल्यास विमा उतरवण्याची व सुरक्षेवर खर्च करण्याची प्रवृत्ती कमी होईल. भीतीमुळे बुडालेला धंदा व मंदीमुळे बुडालेला धंदा यांत भेद करणे अवघड असून त्यातून खोट्या दाव्यांना वाव मिळतो. शिवाय हिशेब व करविवरणपत्रे व्यवस्थित असलेल्या मोठ्या व्यवसायांनाच अधिक रक्कम मिळण्याची शक्यता असते. गारपिटीने पीक गमावलेल्या शेतकऱ्याला मर्यादित मदत मिळत असताना व्यापाऱ्याला पूर्ण भरपाई देणे विषम ठरेल, असाही आक्षेप आहे.

मध्यममार्ग

पूर्ण भरपाई आणि संपूर्ण नकार यांच्यामधील पर्यायांत पुराच्या धर्तीवर लहान दुकानदार व टपरीधारकांना ठरावीक रकमेची तातडीची मदत, पोलिसी बंदीच्या दिवसांपुरता भाडे व वेतनाचा अंशतः परतावा, कर्जहप्त्यांना मुदतवाढ आणि अल्प हप्त्याचा सामूहिक विमा यांचा समावेश होतो. कोविड-१९ च्या काळात २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना आरंभी १० हजार रुपयांपर्यंत खेळते भांडवल कर्जरूपाने देण्यात आले. मात्र कर्ज हे परत करावे लागते, त्यामुळे ते भरपाईची जागा घेऊ शकत नाही. या पर्यायांत मोठ्या व्यवसायांची प्रत्यक्ष हानी विम्याकडे राहते आणि शासनाची मदत विम्याच्या बाहेर राहणाऱ्यांवर केंद्रित होते.

हे सुद्धा पहा

* २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील दहशतवादी हल्ला
* १९९३ चे मुंबई बॉम्बस्फोट
* पुणे बॉम्बस्फोट, २०१०
* जालना जिल्हा
* पुनर्विमा