रमाबाईंची मनोरमा

माझी पणजी पंडिता रमाबाईंच्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून तिथं आलेल्या अनाथ पोरींतली ती एक. तिच्या गोष्टी आमच्यापर्यंत आजीच्या तोंडून आल्या, त्यामुळे थोडं तिखटमीठ लागलेलं असणारच. पण एक गोष्ट आजी कधी बदलून सांगत नसे. पंडिता रमाबाई सदैव डोळ्यांसमोर: विहिरीवर, छापखान्यात, तेलाच्या घाण्यापाशी. त्यांची लेक मनोरमाबाई मात्र कुठंतरी निघालेल्या, नाहीतर नुकत्याच परतलेल्या.

मनोरमाबाईंचं आयुष्य पाहिलं तर हे पटतं. जन्म 1881 चा. वडील, बिपिन बिहारी मेधावी, पुढच्याच वर्षी गेले. आईबरोबर इंग्लंड गाठलं तेव्हा पोर दोन वर्षांची. तिथं वाँटेजच्या मठात राहत असताना दोघींचा बाप्तिस्मा झाला. मनोरमेला धर्म कुणी आणि कसा शिकवायचा, यावरून रमाबाई आणि त्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यात झालेला पत्रव्यवहार पुढे छापला गेला. दोन जिद्दी बायका एका पोरीच्या श्रद्धेवरून वाद घालताहेत आणि पोरीला विचारतंय कोण?

इंग्लंड-अमेरिकेत शिकून ती परतली तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होती. प्लेगच्या धास्तीनं पुण्याहून हलवलेल्या मुलींसाठी केडगावच्या माळावर सुरू झालेल्या वस्तीत आता जवळजवळ दोन हजार तोंडं होती. रमाबाईंच्या शारदा सदनाची शाळा तिच्याकडे आली. मग 1903 च्या सुमारास ऑस्ट्रेलियाचा दौरा. मुंबई विद्यापीठाची बी.ए. पुढे निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला, नवी शाळा उघडली, तिचीही जबाबदारी मनोरमाबाईंवरच.

यातलं पणजीला भावलं ते एकच: आंधळ्या मुलींसाठी त्यांनी उभी केलेली ब्रेलची शाळा. रात्री कंदील मालवला की सगळ्यांची पुस्तकं मिटायची. शेजारची एक आंधळी पोर मात्र पांघरुणात बोटं फिरवत वाचत पडायची. पणजीला तिचा भारी हेवा वाटे. ‘देवानं काय वाटणी केलीय!’ असं म्हणून ती हसायची म्हणे.

मनोरमाबाई 1921 साली मिरजेला वारल्या, वय चाळीस. रमाबाईंनी आपल्यामागं सगळं जिच्यावर सोपवायचं ठरवलं होतं ती लेकच आधी गेली. नऊ महिन्यांत, 5 एप्रिल 1922 ला, त्याही गेल्या आणि मुक्तीचा कारभार त्यांच्या सहकारी लिसा हेस्टी यांच्याकडे आला.

पणजी म्हणायची, ‘कुणीतरी त्या पोरीला हाताला धरून घडीभर खाली बसवायला हवं होतं.’ हे सांगून झालं की आजी घाईनं पुस्ती जोडायची, ‘मोठ्यांबद्दल असं बोलू नये हो.’ माझं मत पणजीला.