पडद्याचे वस्त्र, हातांची साक्ष

ऐतिहासिक प्रेमपटातील वेशभूषा म्हणजे गतकाळाचा आभास निर्माण करणारी सजावट, असे आपण बहुधा मानतो. व्हिक्टर फ्लेमिंग दिग्दर्शित 'गॉन विथ द विंड' (१९३९) पाहताना ही समजूत अपुरी ठरते. मार्गारेट मिचेल यांच्या १९३६ च्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचे वेशभूषाकार होते वॉल्टर प्लंकेट.

अमेरिकन यादवी युद्धाच्या उंबरठ्यावर, १८६१ मध्ये, स्कार्लेट ओहारा (व्हिव्हियन ली) प्रथम दिसते ती झालरींच्या शुभ्र झग्यात. वैधव्यानंतर काळे वस्त्र येते. पण अटलांटातील मदतनिधीच्या समारंभात त्याच काळ्या वेशात ती रेट बटलरबरोबर नाचते. वेश समाजाने दिलेला, पावले मात्र तिची स्वतःची. पुढे युद्धाच्या होरपळीत एकच साधा झगा मळत, विरत, फाटत जातो आणि त्याबरोबर तिच्यातील लाडावलेली मुलगीही संपते.

युद्धानंतर कराच्या ३०० डॉलरांसाठी रेटकडे जाताना ती खिडकीचे हिरवे मखमली पडदे उतरवून त्यांचा झगा करविते. ही केवळ युक्ती नव्हे. जे घर वाचवायचे, त्याच घराचे वैभव ती अंगावर घेऊन तारणासारखे पुढे करते. तुरुंगात रेट क्षणभर फसतोही. परंतु तिचे हात हाती घेताच शेतकामाने खरखरीत झालेले तळवे सत्य सांगून टाकतात. वस्त्र बदलता येते, श्रमांची खूण लपविता येत नाही.

येथेच आम्हांला एक प्रश्न अस्वस्थ करतो. तो झगा शिवण्याची आज्ञा होते ती मॅमीला. स्कार्लेटची कंबर आवळून बांधणारे हातही मॅमीचेच. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. मॅमीचे काम मात्र तेच राहते. स्कार्लेटचे तळवे खरखरीत होणे ही चित्रपटाला शोकांतिका वाटते; मॅमीच्या तळव्यांकडे कॅमेरा त्या नजरेने कधी वळत नाही. तिच्या वेशात येणारा ठळक बदल म्हणजे रेटने भेट दिलेला लाल परकर, आणि तोही झग्याखाली झाकलेला.

या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनिएल यांना १९४० मध्ये ऑस्कर मिळाले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन कलावंत. म्हणून वेशभूषेतून व्यक्तिरेखेचा विकास वाचताना, कोणाच्या वस्त्रांना बदलण्याची मुभा आहे आणि ती कोण शिवते आहे, हेही वाचले पाहिजे. तसे न केल्यास आपली समीक्षा कापडाच्या झळाळीपाशीच थांबेल.