प्रमाद आणि परिमाण

रोग्याचे थोडेसे रक्त काढून त्यातील शर्करा, युरिया अथवा कॅल्शियम यांचे प्रमाण अंकांत सांगण्याची विद्या वैद्यकात रुजल्याला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. परंतु तो अंक सांगणाऱ्या प्रयोगशाळेलाच परीक्षेस बसवावे, आणि तेही तिच्या प्रामाणिकपणाविषयी तिळमात्र संशय न घेता, हा विचार मात्र त्या मानाने फार उशिरा सुचला. बाजारातल्या वजनमापांवर दरसाल सरकारी शिक्का बसला पाहिजे हे ज्या समाजाला शतकानुशतके मान्य होते, त्याच समाजाने ज्या अंकावर औषधाची मात्रा ठरावयाची त्या अंकाची शहानिशा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत केली नाही, याचे कारण माझ्या मते एकच आहे: चूक हा तोवर अपराध समजला जाई, आणि जो अपराध आहे तो मनुष्य झाकतो, मोजत नाही.

या जुन्या समजुतीचा सर्वांत दुःखद दाखला आपल्या परळच्याच इतिहासात आहे. 1896 साली मुंबईत प्लेगने थैमान घातले असता वाल्डेमार हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत लस सिद्ध केली, जानेवारी 1897 मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि 1899 पासून परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी पाच बाटल्यांतून 107 जणांना लस टोचली गेली, आणि 53-एन अशी खूण असलेल्या एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने मरण पावली. चौकशी समिती नेमली गेली. परळमध्ये कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भरवसा ठेवण्याची नवी पद्धती सुरू झाली होती, तिच्यावर ठपका आला. हाफकीन यांचे पद गेले. वस्तुतः उरलेल्या चार बाटल्यांची माणसे सुखरूप होती, धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढले असते तर बाटली उघडताच जी दुर्गंधी यावयास हवी होती ती आली नव्हती, आणि गावात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. लंडनच्या लिस्टर संस्थेने फेरतपासणी केली, रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी वृत्तपत्रांतून बाजू लढविली, तेव्हा कुठे 1907 साली हाफकीन दोषमुक्त झाले. 1925 मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. या प्रकरणात त्या शास्त्रज्ञाच्या बचावास जे खरोखर धावून आले ते वक्तृत्व नव्हते, तर बाटलीवरील क्रमांक आणि वहीतील नोंद होती, हे मला सर्वांत बोधप्रद वाटते. तरीही पाच वर्षांचा सारा खटाटोप दोषी कोण या प्रश्नाभोवतीच फिरत राहिला.

रक्तपरीक्षेच्या क्षेत्रात तर इतकी नोंदही नव्हती. हार्वर्ड येथे ओटो फोलिन आणि त्यांचे चिनी सहकारी ह्सिएन वू यांनी 1919 साली जी पद्धती प्रसिद्ध केली तिच्यावर पुढची कित्येक दशके जगभरच्या रुग्णालयांचे काम चालले. रक्तातील प्रथिने टंगस्टिक आम्लाने साकळून गाळून टाकावयाची, निवळ द्रवात तांब्याचा क्षारीय द्राव मिसळून उकळत्या पाण्यात नेमका वेळ ठेवावयाचा, शर्करेने तांब्याचे जे रूपांतर होते त्यावर फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल घालून निळा रंग उठवावयाचा, आणि तो रंग ज्ञात प्रमाणाच्या द्रावाच्या रंगाशी ड्युबॉस्क कलरीमीटरच्या दोन अर्धवर्तुळांत, डोळा लावून, ताडून पाहावयाचा. यातील प्रत्येक पायरी चुकीला निमंत्रण देणारी आहे. पिपेट तोंडाने ओढावयाची, ती किंचित खालीवर झाली. पाण्याचे उकळणे मंदावले. परीक्षक दिवसभराच्या कामाने थकला आणि दोन निळ्या छटांतील भेद त्याला दिसेनासा झाला, की अंक बदलला. शिवाय या पद्धतीत शर्करेखेरीज रक्तातील इतर अपचायक द्रव्येही मोजली जात, त्यामुळे निष्कलंक हाताने केलेले मापनही वास्तवाहून काहीसे जास्तच येई. ही खोड ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराच्या पद्धतीने पुढे दूर झाली. हिमोग्लोबिनची कथा आणखी विचित्र. साहलीच्या नळीत रक्त आम्लात मिसळून तपकिरी रंग जुळेपर्यंत पाणी घालावयाचे आणि उत्तर टक्क्यांत द्यावयाचे. परंतु शंभर टक्के म्हणजे किती ग्रॅम, हे साहलीचे उपकरण निराळे सांगे आणि हाल्डेनचे निराळे. अल्कलाइन फॉस्फटेजला कुणी किंग-आर्मस्ट्राँग एकके लावी, कुणी बोडान्स्की एकके लावी. एका गावचा रिपोर्ट दुसऱ्या गावच्या डॉक्टराने वाचावयाचा तर तो कोणत्या पद्धतीचा हे आधी विचारावे लागे, आणि विचारण्याची रीत नव्हती.

अशा स्थितीत अमेरिकेच्या पेनसिल्व्हानिया राज्यात विल्यम बेल्क आणि एफ. विल्यम संडरमन या दोन वैद्यांनी एक अत्यंत साधी तजवीज केली. त्यांनी ज्ञात प्रमाणाची द्रावणे व रक्तनमुने तयार केले, ते 59 रुग्णालयांच्या प्रयोगशाळांकडे पाठविले, आणि हिमोग्लोबिन, शर्करा, क्लोराइड, युरिया नायट्रोजन, प्रथिने, कॅल्शियम अशा नित्याच्या परीक्षा करून उत्तरे कळवावी अशी विनंती केली. उत्तरे आली, आणि 1947 साली त्यांनी ती छापली. असमाधानकारक उत्तरांची संख्या समाधानकारक उत्तरांहून अधिक भरली. एकाच कुपीतील एकच द्रव, आणि त्याचे अंक असे की एका प्रयोगशाळेच्या आधारे रोगी निरोगी ठरावा व दुसरीच्या आधारे अत्यवस्थ. ज्या प्रयोगशाळांनी ही उत्तरे दिली त्या काही गल्लीबोळातल्या नव्हत्या. प्रतिष्ठित रुग्णालयांच्या होत्या, तेथे शिकलेली, निष्ठेने काम करणारी माणसे होती, आणि आपण चुकतो आहो याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती. त्या दोघांच्या या लेखाचे थोरपण त्यातील आकड्यांहून त्याच्या वृत्तीत आहे असे मी मानतो. कुणाला शासन करण्याची भाषा त्यात नाही. तफावत केवढी आहे ते मात्र निःसंकोच मांडलेले आहे.

संडरमन हा मोठा विलक्षण पुरुष. जन्म 1898 चा, मृत्यू 2003 चा. महायुद्धकाळात निकेल कार्बोनिलच्या विषबाधेवर उतारा शोधणारा. व्हायोलिन इतके उत्तम वाजविणारा की वयाच्या शंभरीतही त्याने सार्वजनिक वादन केले. एका पाहणीवर संतुष्ट न होता त्याने प्रयोगशाळांना नियमित नमुने पाठवून त्यांची उत्तरे पडताळण्याची सेवा सुरू केली आणि तीन दशकांहून अधिक काळ ती चालविली. वर्षानुवर्षे तेच काम, तोच पत्रव्यवहार आणि तीच रुजवात घालत राहण्यासाठी जो धीर लागतो तो शोध लावणाऱ्याच्या प्रतिभेहून कमी दर्जाचा मानण्याची आपली सवय सोडली पाहिजे.

पाहणीने रोग दाखविला. रोजचे औषध मात्र कारखान्यातून आले. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत दूरध्वनीच्या सामग्रीची तपासणी करणाऱ्या खात्यात वॉल्टर श्यूहार्ट हा पदार्थवैज्ञानिक होता. त्याने 16 मे 1924 रोजी आपल्या वरिष्ठाला जे छोटेसे टिपण पाठविले त्यात एक आलेख होता: मधे सरासरीची रेषा, वर आणि खाली मर्यादेच्या दोन रेषा. प्रत्येक उत्पादनात थोडीबहुत चढउतार असतेच. ती दोन रेषांच्या आत आहे तोवर यंत्राला हात लावू नये, बिंदू बाहेर गेला की मात्र कारण शोधावे, हा त्याचा इत्यर्थ. चूक शून्य करता येत नाही, परंतु तिला हद्द घालता येते, हे सत्य येथे कागदावर उतरले. हाच श्यूहार्ट 1947-48 च्या हिवाळ्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आला होता, आणि त्याच्या प्रवासानंतर आपल्याकडील कारखानदारांत या शास्त्राचा प्रसार होऊ लागला. आपल्या रुग्णालयांच्या दारापर्यंत मात्र ते त्या वेळी पोहोचले नाही.

ते रुग्णालयात नेण्याचा मान मिशिगनमधील स्टॅन्ली लेव्ही आणि ई. आर. जेनिंग्ज या दोघांचा. 1950 साली त्यांनी चिकित्सालयीन प्रयोगशाळेसाठी श्यूहार्टचा आलेख वापरून दाखविला. त्यांची मूळ पद्धती एकाच नमुन्याच्या दोनदोन परीक्षा करून त्यांची सरासरी आणि अंतर टिपण्याची होती. दोन वर्षांनी हेन्री आणि सेगालोव यांनी ती सोपी करून एकाच टिकाऊ नमुन्याची रोज एकदा परीक्षा करावी आणि तो एकेक बिंदू आलेखावर मांडावा असे सुचविले. आज ज्याला सर्व जग लेव्ही-जेनिंग्ज आलेख म्हणते तो वस्तुतः या दुसऱ्या जोडीने दिलेल्या रूपात वापरला जातो.

हा टिकाऊ नमुना आरंभी प्रयोगशाळाच तयार करीत. निरनिराळ्या रोग्यांचे उरलेले सीरम एकत्र करावयाचे, गाळावयाचे, लहान नळ्यांत भरून गोठवावयाचे आणि रोज एक नळी काढून ती रोग्यांच्या नमुन्यांबरोबरच, त्याच हाताने, त्याच रीएजंटने, तपासावयाची. पहिले वीस-तीस दिवस केवळ मोजावयाचे, त्यांवरून सरासरी आणि प्रमाण विचलन काढावयाचे, आणि मग आलेखाच्या रेषा आखावयाच्या. प्रयोगशाळेत काम करणारे लोक याला नुसते ‘कंट्रोल लावणे’ म्हणतात. कंट्रोलची उत्तरे टिपण्याच्या वहीत एक नैतिक कसोटी दडलेली आहे, ती बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. कंट्रोल बाहेर गेला की सकाळचे सारे काम अडते, वॉर्डातून फोन येऊ लागतात, आणि तोच नमुना पुन्हा लावून बघू, दुसऱ्यांदा आत आला की झाले, असा मोह होतो. दुसऱ्यांदा तो बहुधा आत येतोही, कारण यदृच्छेचा स्वभावच तसा आहे. आणि पहिला बिंदू वहीत न चढता विरून जातो. ज्या वहीत सर्व बिंदू मध्यरेषेला बिलगून बसलेले असतात, ती वही पाहून अनुभवी तपासनिसाला आनंद होत नाही, शंका येते.

परंतु मोह निर्माण होण्यास आलेखाची रचनाही काही अंशी कारणीभूत होती. मर्यादा दोन प्रमाण विचलनांवर ठेवली तर यंत्र, रीएजंट, हात सर्व निर्दोष असतानाही सुमारे वीस दिवसांतून एक बिंदू बाहेर पडणारच, आणि दोन कंट्रोल लावले तर असा खोटा इशारा दहा-अकरा दिवसांतून एकदा मिळणार. मर्यादा तीनवर नेली तर खोटे इशारे जवळजवळ थांबतात, पण खरे दोषही निसटतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स वेस्टगार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी 1981 साली या पेचातून जो मार्ग काढला तो मला या शास्त्रातील सर्वांत सुबुद्ध पाऊल वाटतो. दोनची मर्यादा ओलांडली तर ती केवळ सावधानतेची सूचना समजावी. लागोपाठ दोन बिंदू एकाच बाजूस दोनच्या पलीकडे गेले, अथवा चार बिंदू एकाच बाजूस एकच्या पलीकडे गेले, अथवा दहा बिंदू मध्यरेषेच्या एकाच अंगाला पडले, तर परीक्षेत पद्धतशीर ढळ शिरला आहे. आणि एक वर व एक खाली असे चारांचे अंतर पडले, तर दोष यदृच्छेच्या जातीचा आहे. म्हणजे चूक झाली एवढेच नव्हे, तर ती कोणत्या कुळातली, हे आलेखावरून वाचता येऊ लागले. पहिल्या प्रकारात जुना रीएजंट वा बिघडलेले स्टँडर्ड शोधावे, दुसऱ्यात पिपेट आणि हात तपासावे.

तोवर हाताचे काम फारसे उरलेही नव्हते. क्लीव्हलंडच्या लेनर्ड स्केग्ज याने कल्पिलेला ऑटोअ‍ॅनालायझर 1957 साली टेक्निकॉन कंपनीने बाजारात आणला. एका अखंड वाहत्या नळीत हवेच्या बुडबुड्यांनी नमुने एकमेकांपासून अलग ठेवून तो तासाला डझनावारी परीक्षा उरकी. यंत्र थकत नाही. परंतु यंत्र बिघडले तर चूकही न थकता करीत राहते, सबब यंत्राबरोबर आलेखाची गरज वाढली.

घरातल्या या वहीला बाहेरची साक्षही हवी, कारण जी प्रयोगशाळा रोज सारखीच चुकते तिचा आलेख देखणाच दिसतो. ब्रिटनमध्ये वूटन आणि किंग यांनी 1953 साली अनेक रुग्णालयांना एकच नमुना पाठवून पेनसिल्व्हानियासारखाच विस्मय अनुभवला. पुढे बर्मिंगहॅमचे टॉम व्हाइटहेड यांनी 1969 पासून राष्ट्रीय योजना चालविली, तीत प्रत्येक प्रयोगशाळा केवळ एका क्रमांकाने ओळखली जाई. आपली उत्तरे इतरांच्या मानाने कुठे आहेत हे तिला कळे, इतरांना तिचे नाव कळत नसे. ही गुप्तता म्हणजे दोष दडपणे नव्हे. तिच्यामुळेच माणसे खरी उत्तरे पाठवू लागली. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने रक्तरसायनासाठी अशीच योजना उभारली, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ऊतिपरीक्षेसाठी, जेथे अंक नसतो, काचपट्टी असते आणि तिच्याविषयीचे मत असते.

इतक्या सिद्धतेनंतर चूक गेली कुठे, हे इटलीतील पादुआच्या रुग्णालयात प्लेबानी आणि कारारो यांनी शोधून पाहिले. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत 40,490 परीक्षांत 189 चुका सापडल्या, आणि त्यांपैकी प्रत्यक्ष विश्लेषणातल्या अवघ्या 13 टक्क्यांच्या आसपास होत्या. 68 टक्के चुका नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच घडलेल्या होत्या. सलाइन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढणे, एकाच्या नळीवर दुसऱ्याचे नाव चढणे, फ्लुओराइड नसलेल्या नळीत रक्त तासन् तास उभे राहणे आणि रक्तपेशींनी त्यातील शर्करा खात जाणे, अशा या चुका. दहा वर्षांनंतर त्याच दोघांनी तीच पाहणी पुन्हा केली तेव्हा परीक्षांच्या मानाने चुका कमी झाल्या होत्या, पण नमुना पोहोचण्यापूर्वीच्या चुकांचा वाटा अजूनही 60 टक्क्यांवर होता. कंट्रोलची नळी थेट शीतपेटीतून यंत्रावर जाते. तिच्या दंडाला कधी कुणी पट्टी बांधलेली नसते, तिच्यावर घाईघाईत कुणी नाव लिहिलेले नसते, म्हणून आलेखाला या चुका दिसत नाहीत. वॉर्डातील परिचारिका, नमुने वाहून नेणारा शिपाई आणि नोंदणीच्या खिडकीवरील कारकून यांच्या कामाचे मोजमाप कोणत्या आलेखावर मांडावे, आणि ते मांडताना मुलकोवाल प्रकरणातील हाफकीन यांच्यासारखा एखादा माणूस पुन्हा एकटा अपराधी ठरणार नाही याची तजवीज कशी करावी, या कामाला अनेक प्रयोगशाळांनी आता हात घातला आहे. नाकारलेल्या नमुन्यांची कारणांसह वही ठेवणे, ही या कामाची पहिली पायरी.